इंधनघटाचं उत्तरकार्य



टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीत गॅस भरण्याचं झाकण उघडलं, की आत एक लेबल दिसतं. त्यावर एक तारीख छापलेली असते, आणि त्या तारखेनंतर या टाकीत गॅस भरू नये अशी सूचना असते. टाकी बनल्यापासून १५ वर्षं, असा तो हिशेब आहे. ही मोटार जपानमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये विक्रीला आली. म्हणजे पहिल्या गाड्यांची मुदत २०२९ च्या सुमारास संपणार. सीएनजीच्या सिलिंडरलाही मुदत असते हे मला माहीत आहे. पण तो बदलून गाडी पुढे चालते. इथे कार्बन तंतूच्या दोन महागड्या टाक्या नव्यानं घालण्याइतकी त्या वेळी गाडीची किंमत उरलेली असेल का, याची मला शंका आहे.

हायड्रोजनवर आजकाल पुष्कळ बोललं जातं, पण ते सगळं बारशाचं बोलणं असतं. किती टन तयार करणार, किती कोटी लावणार, पहिली बस कोणी हिरवा झेंडा दाखवून सोडली, वगैरे. मला आज उत्तरकार्याबद्दल बोलायचं आहे. शुभकार्याच्या मांडवात हा विषय काढणं बरं दिसत नाही हे कबूल. पण ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते प्रयोग झाल्यावर परीक्षानळी धुऊन ठेवल्याशिवाय कुणाला वर्गाबाहेर सोडत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा त्यांना तरी हा विषय अमंगळ वाटला नसता.

अंबरनाथमध्ये हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. नौदलासाठी पदार्थांचं संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची प्रयोगशाळा तुमच्या गावात आहे. पाणबुडीला वर न येता जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून तिथे फॉस्फरिक आम्लाचा इंधनघट विकसित झाला. मार्च २०२१ मध्ये त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याजोगी बांधण्यासाठी संरक्षण मंत्रालयानं माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. त्या घटाच्या आतल्या गोष्टी गुप्त असणार आणि त्यात मला शिरायचं नाही. मी बोलणार आहे ते मुख्यतः मोटारी-बसमध्ये बसतात त्या, प्लास्टिकचं पटल असलेल्या घटाबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कंटाळा आला तर डुलकी घ्यायला हरकत नाही. घटातला जो भाग महाग आहे त्याची काळजी बाजार घेईल. ज्या भागाला भंगारात भाव नाही, त्याचा वाली कोण हे अजून ठरलेलं नाही. आणि ते ठरवायची वेळ घट थोडे असतात तेव्हाच असते.

घटाची रचना थोडक्यात सांगतो. मधे एक पातळ पटल, आजकाल १०-१५ मायक्रॉन जाडीचं. त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या भुकटीवर बसवलेले प्लॅटिनमचे कण, दोन ते पाच नॅनोमीटरचे. एका बाजूनं हायड्रोजन येतो, प्लॅटिनमवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन अलग होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनांना पटल वाट देत नाही म्हणून ते तारेतून फिरून जातात आणि जाता जाता मोटार चालवतात. पलीकडे प्राणवायू भेटला की पाणी होतं. असा एक घट जेमतेम ०.६-०.७ व्होल्ट देतो. म्हणून घटावर घट रचून चळत करावी लागते. पहिल्या मिराईत ३७० घटांची चळत होती, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत ३३० घटांची. दोन घटांच्या मधे वायूसाठी चर कोरलेल्या पट्ट्या असतात, ग्राफाइटच्या, पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या. कडांना गोंद आणि रबराची सील, दोन टोकांना जाड ताटल्या, आणि सगळं दाबून आवळलेलं.

ही चळत म्हातारी होते म्हणजे काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. प्लॅटिनम संपत नाही. त्याचे बारीक कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. वजन बहुतेक तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग घटतो आणि काम पृष्ठभागावर चालतं. काही प्लॅटिनम पटलाच्या आत जाऊन थर धरून बसतं. गाडी वारंवार चालू-बंद केली की खालचा कार्बन झिजतो. पटलावर रासायनिक मूलकांचा मारा होतो, ते पातळ होतं, त्याला छिद्रं पडतात, आणि बाहेर पडणाऱ्या त्या सुप्रसिद्ध ‘शुद्ध’ पाण्यात फ्लोराइडचा अंश यायला लागतो. वीज साधारण दहा टक्क्यांनी घटली की मोटारीच्या दृष्टीनं चळत निवृत्त झाली असं धरतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं मोटारीसाठी ८,००० तासांचं आणि अवजड ट्रकसाठी २५,००० ते ३०,००० तासांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. लंडनमध्ये टॉवर गेटवे ते कोव्हेंट गार्डन धावणाऱ्या बसमधल्या चळतींनी २५,००० तासांचा टप्पा ओलांडला. तेव्हा टिकाऊपणाची अडचण नाही असं नाही, पण ती सुटत चालली आहे.

आता प्लॅटिनमकडे येऊ.

जगात खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, तेही बुशवेल्ड नावाच्या एकाच अग्निजन्य खडकसमूहातून. १९२४ मध्ये हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञानं तिथला थर शोधला आणि आजही त्याला मेरेन्स्की रीफ म्हणतात. थर अरुंद, कित्येक ठिकाणी किलोमीटरहून खोल. एक टन खडकातून या गटातले सगळे धातू मिळून तीन ते पाच ग्रॅम निघतात आणि त्यात प्लॅटिनम साधारण निम्मं-अधिक. पहिल्या मिराईत सुमारे ३० ग्रॅम प्लॅटिनम होतं असं उद्योगात धरलं जातं. म्हणजे एका मोटारीसाठी दहा-पंधरा टन खडक फोडायचा, वर आणायचा, दळायचा, वितळवायचा. आणि दक्षिण आफ्रिकेतली वीज मुख्यतः कोळशाची. याच पट्ट्यातल्या मारिकाना इथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर असलेल्या खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ३४ माणसं मेली. धुराड्यातून नुसती वाफ सोडणाऱ्या गाडीमागे हे सगळं उभं आहे. म्हणून एकदा वर काढलेलं प्लॅटिनम परत परत वापरणं हे शहाणपणाचं आहे आणि माणुसकीचंही.

ते परत येतं का? इथे दोन वाटा दिसतात. त्यांतली एक मला आतून माहीत आहे.

मी उमेदीची वर्षं नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात काढली. तळोजा आणि तुर्भ्याच्या बाजूला असे कारखाने आहेत, तुमच्यापैकी काहींनी तिथे काम केलं असेल. अमोनिया आणि हवा सुमारे ९०० अंश सेल्सिअसला प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळ्यांवरून सोडतात. तार केसाइतकी, जाळी साडीच्या पोतासारखी मऊ. काही महिन्यांनी जाळी थकते. ती बदलायचा दिवस म्हणजे कारखान्यात जवळजवळ पंचनामाच. लेखा विभागाचा माणूस हजर, सुरक्षा अधिकारी हजर, जाळी काट्यावर, वजन वहीत, पेटीला सील. पात्राच्या तळाशी पडलेली धूळसुद्धा ब्रशनं गोळा करून वेगळी तोलत. गरम वायूबरोबर उडून जाणारं प्लॅटिनम अडवायला खाली पॅलेडियमची दुसरी जाळी असे. सराफकट्ट्याची माती विकत घेऊन नदीवर धुणारे झारेकरी जे करत, तेच आम्ही हेल्मेट घालून करत होतो. जुनी जाळी शुद्धीकरण कारखान्याकडे जाई, आणि त्याच धातूची नवी जाळी परत येई. पैसे द्यायचे ते घडणावळीचे आणि घट आली असेल तेवढ्या धातूचे. धातू कायम आमच्या मालकीचा. विकत घेतलेला माल म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नसे. ताळेबंदात तो ठेवीसारखा असे.

दुसरी वाट पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या धुराड्यातल्या उत्प्रेरक डब्याची. त्यातही हाच धातू, काही ग्रॅम. पण त्याचे मालक कोट्यवधी, आणि आपल्या गाडीखाली काय आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. गाडी भंगारात जाते, परदेशी जाते, डबा चोरीला जातो, कुणीतरी हातोड्यानं फोडतो. तरीसुद्धा दरवर्षी बाजारात येणाऱ्या प्लॅटिनमपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पुनर्चक्रणातून येतो आणि त्यातला मोठा भाग या डब्यांचाच असतो. भावाची ताकद एवढी आहे. मात्र वाटेत सांडणंही तेवढंच मोठं आहे.

इंधनघट या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेनं जाईल, हे धातुशास्त्रावर ठरत नाही. ते मालक कोण यावर ठरतं. पाणबुडीतला घट, बस डेपोतला घट, बंदरातल्या क्रेनचा घट यांचा मालक एक असतो, पत्ता ठाऊक असतो, वही ठेवता येते. ते जाळीच्या वाटेनं जाऊ शकतात. खासगी मोटारीतला घट डब्याच्या वाटेनं जाईल. जपानमध्ये तर तो घराघरांत आहे. ‘एने-फार्म’ नावाचे घरगुती इंधनघट तिथे २००९ पासून विकले जातात, आणि पाच लाखांहून जास्त बसवले गेले आहेत. गॅसपासून हायड्रोजन काढून वीज आणि आंघोळीचं गरम पाणी, दोन्ही देतात. सुरुवातीच्या संचांचं आयुष्य साधारण १० वर्षांचं धरलं होतं, म्हणजे ते आता परसातून निघू लागले आहेत. बनवणाऱ्यांपैकी तोशिबानं २०१७ मध्ये हे उत्पादन बंद केलं. संच मात्र भिंतीला लागून तसेच उभे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शुद्धीकरणाच्या रीती दोन. एक भट्टीची. चळत उघडायची, पटल-विद्युतअग्रांचा थर काढायचा, तुकडे करायचे, जाळायचे आणि राख इतर धातूंबरोबर वितळवायची. बेल्जियममध्ये होबोकेनला युमिकोर, जर्मनीत हानाऊला हेरेअस, ब्रिटनमध्ये जॉन्सन मॅथी ही यातली जुनी घराणी. भट्टी सगळं खाते, फार निवडानिवड मागत नाही, हे तिचं बळ. पण पुनर्चक्रण म्हटलं की ते आपोआप निर्मळ असतं असं समजू नका. होबोकेनच्या कारखान्याशेजारच्या वस्तीत २०२० मध्ये मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं, आणि पुढे कंपनीनं जवळची घरं विकत घेऊन तिथे हिरवा पट्टा करायचं ठरवलं.

दुसरी रीत द्रवाची. प्लॅटिनम अम्लराजात किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात विरघळवायचं, मग अमोनियम क्लोराइड घालून पिवळा साका पाडायचा. प्रयोगशाळेत ९५ टक्क्यांच्या वर धातू हाती येतो. युरोपात हायटेकसायक्लिंग आणि नंतर बेस्टफोरहाय या प्रकल्पांत या वाटा तपासल्या गेल्या. जर्मनीत फ्राउनहोफरच्या हानाऊ-आल्झेनाऊच्या संस्थेनं ब्रेसायकल नावाच्या प्रकल्पात आणखी एक युक्ती केली. पाण्यात विजेची ठिणगी पाडून धक्कालहरी सोडायच्या, म्हणजे थर जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथेच सुटे होतात आणि जाळावं लागत नाही. मला ती युक्ती फार आवडली. कारण ती पटल वाचवते.

प्लॅटिनमबद्दल मी निश्चिंत आहे. मला झोप लागत नाही ती पटलामुळे.

या पटलाचं सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नाव नॅफिऑन. १९६०च्या दशकात ड्यू पाँमध्ये वाल्थर ग्रोट यांनी ते शोधलं. टेफ्लॉनचाच कणा, त्याला सल्फोनिक आम्लाच्या फांद्या. ते घटात कसं आलं हा इतिहास बोधप्रद आहे. १९६५ मध्ये जेमिनी ५ या अवकाशयानात जनरल इलेक्ट्रिकचे इंधनघट पहिल्यांदा माणसांबरोबर अंतराळात गेले तेव्हा पटल साध्या हायड्रोकार्बनचं होतं, सल्फोनेट केलेल्या पॉलिस्टायरीनचं. ते लवकर खराब होई. म्हणून टिकाऊ पटल शोधलं गेलं आणि ते फ्लोरीनचं निघालं. कार्बन-फ्लोरीन बंध इतका मजबूत असतो की घटातल्या माऱ्याला तो दाद देत नाही. आणि घटातल्या माऱ्याला जो दाद देत नाही, तो नदीला, मातीला, सूर्यप्रकाशालाही देत नाही. ज्या गुणासाठी निवडलं तोच गुण शेवटी आडवा येतो.

नॅफिऑन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिल वर्क्स इथे तयार होतं. हा कारखाना केप फिअर नदीच्या काठी आहे आणि खालच्या अंगाला विल्मिंग्टन शहर तीच नदी पितं. २०१७ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रानं नदीतल्या फ्लोरीनयुक्त रसायनांची बातमी फोडली. त्यानंतर विल्मिंग्टनच्या सुमारे साडेतीनशे रहिवाशांचं रक्त तपासलं गेलं. ‘नॅफिऑन बायप्रॉडक्ट २’ असं सरळ नावच असलेला पदार्थ त्यांतल्या ९९ टक्के लोकांच्या रक्तात सापडला. इंधनघटाची बाजू घेऊन सांगायला हवं, की या पटलाचा मोठा ग्राहक कॉस्टिक सोड्याचा उद्योग आहे, हायड्रोजन मोटारी नव्हेत. पण उद्या मोटारी, ट्रक आणि पाण्यापासून हायड्रोजन काढणारे विद्युत-अपघटक यांची मागणी वाढली, तर त्या नदीकाठच्या लोकांना आपण काय सांगणार?

हे झालं जन्माचं. मरणाचं काय? भट्टीत पटल जळतं तेव्हा हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. काच कुरतडणारा, फुप्फुस जाळणारा वायू. चांगल्या भट्टीला चुन्याचं स्नानगृह असतं, तिथे तो कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतो. तापमान पुरेसं नसेल तर कार्बन टेट्राफ्लोराइडही निसटू शकतो. हा रेणू वातावरणात ५०,००० वर्षं टिकतो आणि त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सात हजार पट. तो मोडायला १,४०० अंशांच्या वर आच लागते. आपल्याकडच्या घातक कचऱ्याच्या सामायिक भट्ट्यांना दुसऱ्या कक्षात १,१०० अंशांच्या आसपास तापमान राखायचा नियम आहे. तळोज्याला अशी भट्टी आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, ती ज्या कामासाठी बांधली ते काम ती करते. पण ‘तळोज्याला पाठवून देऊ’ हे पटलाच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मग पटल विरघळवून पुन्हा का वापरू नये? वापरता येतं. अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात, बंद पात्रात, दोनशे अंशांच्या आसपास नॅफिऑन सुटं होतं आणि त्याचं पुन्हा पटल ओतता येतं. ही रीत १९८०च्या दशकापासून ठाऊक आहे. जॉन्सन मॅथीनं अलीकडे प्लॅटिनम आणि पटलाचं द्रव्य दोन्ही एकत्र परत मिळवण्याची प्रक्रिया प्रयोगशाळेत दाखवली. अडचण रसायनाची कमी, पैशाची जास्त आहे. एका मोटारीतलं पटल काही शे ग्रॅम. वापरलेलं पटल थोडं तुटलेलं, त्यात लोखंडाचे अंश, आणि नव्याइतकं ते शुद्ध आहे याची हमी कुणी द्यायची? ग्रॅमला भाव असलेल्या धातूशेजारी त्याला कोण विचारणार? काही कंपन्या पुन्हा फ्लोरीनविरहित हायड्रोकार्बनच्या पटलाकडे वळत आहेत. जेमिनीच्या वेळी टाकून दिलेला विचार साठ वर्षांनी सुधारून परत येतो आहे. तो टिकला तर जाळण्याची निम्मी कटकट मिटेल.

युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी फ्लोरीनयुक्त ‘चिरकाल’ रसायनांवर सरसकट निर्बंध आणण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला. सुमारे १०,००० पदार्थ त्यात येतात. हायड्रोजन उद्योगानं लगेच सवलत मागितली. मागणी अगदीच गैर नाही, कारण आज दुसरं पटल तेवढं सिद्ध झालेलं नाही. पण सवलत मागताना ‘आमचं पटल आम्ही परत घेऊ’ हे लिहून द्यायला काय हरकत होती?

हा दूरदेशीचा वाद नव्हे. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथल्या मितेनी कारखान्यानं भूजल याच जातीच्या रसायनांनी दूषित केलं. २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं त्याच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि ती आली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. तिथे इंधनघटाची पटलं होतात असं मी म्हणत नाही, होत नाहीत. यंत्रं आली म्हणजे प्रदूषण आलंच असंही म्हणत नाही. पण फ्लोरीनची विद्या कोकणात उतरली आहे, तेव्हा तिचं उत्तरकार्यही आपल्याला शिकून घ्यावं लागेल.

टाकीबद्दल थोडं बोलतो. मिराईच्या टाक्यांत गॅस ७०० बार दाबाला असतो. आत नायलॉनसारख्या प्लास्टिकचं अस्तर, बाहेर राळेत भिजवून गुंडाळलेला कार्बन तंतू. गॅसचं वजन टाकीच्या वजनाच्या सहा टक्क्यांनाही पुरत नाही. पाच किलो गॅस न्यायला ऐंशीच्या वर किलो टाकी. ही टाकी मोडायची म्हणजे आधी उरलेला गॅस बाहेर सोडा, मग नायट्रोजननं धुवा, मग छिद्र पाडा, म्हणजे कुणी चुकूनही पुन्हा भरणार नाही. पुढे ऑक्सिजनविरहित भट्टीत तापवून राळ मोडता येते आणि तंतू मोकळा करता येतो. पण तो आखूड होतो आणि पुन्हा टाकी गुंडाळायच्या कामाचा राहत नाही. वजनानं गाडीतला हा मोठा बिनभावाचा ऐवज. आपल्या भंगारबाजारात ज्याला करवत लागत नाही आणि चुंबक ओढत नाही, ते कुठे जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता नियम. युरोपातल्या २००० सालच्या भंगार वाहनांच्या निर्देशानुसार २०१५ पासून गाडीच्या वजनाच्या ८५ टक्के भागाचा पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण आणि एकूण ९५ टक्क्यांची वसुली व्हायला हवी. वजनाच्या! मिराई सुमारे १,८५० किलोची. तिच्यातलं सगळं प्लॅटिनम लाखात दोन भागही भरत नाही आणि पटल हजारात एक भागसुद्धा नाही. पटल धुरात गेलं तरी गाडी ९५ टक्क्यांच्या कसोटीला पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. आपल्याकडे भंगार वाहनांचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. उत्पादकावर जबाबदारी टाकली हे फार चांगलं केलं. पण ती जबाबदारी मोजली जाते परत मिळवलेल्या पोलादात. पेट्रोलच्या गाडीला ते बऱ्यापैकी लागू पडतं. इंधनघटाच्या गाडीत मात्र जे सांभाळायला हवं ते सोडून बाकी सगळं मोजलं जातं. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्यात बॅटरीचे चार वर्ग केलेत: हातातली, वाहनाची, उद्योगातली आणि विजेवरच्या वाहनाची. इंधनघट यांतल्या एकाही खान्यात नीट बसत नाही.

आणि उत्पादक जबाबदार म्हणावं, तर उत्पादकच आधी गेला तर? अमेरिकेत निकोला ही हायड्रोजन ट्रक बनवणारी कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. ट्रक रस्त्यावर, बनवणारा नाही. कॅलिफोर्नियात शेलनं २०२४ मध्ये मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. मिराईवाल्यांची गाडी धडधाकट आणि भरायला जागा नाही. घटाचं आयुष्य आपण तासांत मोजत बसतो, पण पुष्कळ घट तासांनी मरणार नाहीत. पंप बंद पडला, सुटा भाग मिळेना, कंपनी बुडाली, म्हणून मरतील. तोशिबाची गोष्ट मी लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. उत्पादकाच्या वचनावर विसंबणारा नियम नव्या उद्योगात लंगडा पडतो, कारण नव्या उद्योगात उत्पादकच अल्पायुषी असतात. पैसा गाडी विकतानाच बाजूला काढून तिसऱ्याच्या हाती ठेवायला हवा.

मला विचाराल तर खासगी मोटारींसाठी हायड्रोजनचं मला फारसं कौतुक नाही. बॅटरीनं ती लढाई जिंकली आहे. जगभरातल्या इंधनघटाच्या गाड्या सगळ्या मिळून लाखाच्या आसपास आहेत. म्हणूनच मी म्हणतो, ही वेळ चांगली आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांचे नियम आपण पिशव्यांनी गटारं तुंबल्यावर केले.

आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं हायड्रोजन वाहनांचे पाच पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. ३७ वाहनं, ९ इंधन केंद्रं, १० मार्ग आणि सुमारे २०८ कोटींचं साहाय्य. त्यांत पुणे–मुंबई मार्ग आहे. ३७ पैकी १५ वाहनं इंधनघटाची, बाकीची २२ इंजिनात हायड्रोजन जाळणारी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं आणि केपीआयटी कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलेल्या इंधनघटाच्या बसबद्दल तुम्ही वाचलं असेल. विद्या घरात आहे.

पंधरा वाहनं. प्रत्येकाचा मालक ठाऊक, डेपो ठाऊक, सरकारी पैसा लागलेला. जाळीच्या वाटेनं जायला याहून सोपी संधी मिळणार नाही. करारात तीन-चार ओळी घालाव्या लागतील. प्रत्येक चळतीत बसवतानाच प्लॅटिनम किती ग्रॅम, पटल किती ग्रॅम आणि कोणत्या जातीचं, हे वहीत लिहावं. त्या दोन्हींचं परत आलेलं वजन दुसऱ्या रकान्यात लिहावं, आणि दोन रकान्यांतला फरक मंत्रालयानं दरवर्षी प्रसिद्ध करावा. पट्ट्या न फोडता चळत उघडता येते की नाही, हे चाचणीतच करून पाहावं, कारण कडेचा गोंद हा विषय खरेदीच्या वेळी कुणी काढत नाही आणि उघडताना तोच सगळ्यांत जास्त वेळ खातो. कॅनडाची बॅलार्ड कंपनी जुन्या चळती परत घेऊन पट्ट्या राखते आणि नवे थर घालते, तेव्हा हे अशक्य नाही. टाक्यांसाठी तारखेनंतर कुठे जायचं ते नाव-पत्त्यासह लिहावं. आणि पटलासाठी वाहनाच्या किमतीतून ठेव बाजूला काढावी. ती ठेव परत मिळावी फक्त पटल विरघळवून घेणाऱ्याची किंवा पुरेशा तापाच्या भट्टीची पावती दाखवल्यावर.

पंधरा वाहनांचं सगळं पटल मिळून काही किलो भरेल. तेवढ्यासाठी कोणताही कारखाना उभा राहणार नाही, असं मला एका जाणत्या मित्रानं ऐकवलं आणि तो बरोबर आहे. म्हणून ते सुरुवातीला साठवावं लागेल, कोरडं, सीलबंद, वजन करून. नायट्रिक आम्लाच्या कारखान्यातली ती धूळही आम्ही वर्षभर डब्यात साठवायचो, पुरेशी झाली की पाठवायचो. अंबरनाथ-तळोजा पट्ट्यात आम्ल हाताळणारी, फ्लोरीन हाताळणारी, अल्कोहोलचं बंद पात्र चालवणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी आज सभागृहात असेल तर कार्यक्रमानंतर थांबावं. माझ्याकडे त्या करारातल्या ओळींचा कच्चा मसुदा आहे, आणि पटल साठवायचं ते किती आर्द्रतेला, याबद्दल मला त्यांचं मत हवं आहे.